ओमानचे रियाल

आमचं घर ओमानमध्ये होतं आणि ह्यांची नोकरी अमिरातीत. ऐकायला फार मोठं वाटतं, पण मधे फक्त एक रस्ता होता. अलीकडे बुरैमी, ते ओमान. पलीकडे अल ऐन, ती अमिरात. नव्वदच्या दशकात तिथे ना फाटक होतं, ना कुणी पासपोर्ट मागत होतं. बुरैमीत भाडं जवळजवळ निम्मं होतं, म्हणून आमच्यासारखी बरीच कुटुंबं तिथे राहायची. "व्हिसा अमिरातीचा आणि बिछाना ओमानचा," असं हे पाहुण्यांना हसत सांगायचे.

पैशांचंही तसंच होतं. कोपऱ्यावरच्या मलबारी किराणावाल्याच्या ड्रॉवरमध्ये रियाल आणि दिरहम एकमेकांना चिकटून पडलेले असायचे. हाताला येईल ती नोट द्यायची, तो हाताला येईल ते सुटे परत करायचा. अल ऐनच्या भाजीबाजारात तेच, न्हाव्याकडे तेच, शाळेच्या बसवाल्याकडेही तेच. एक रियाल म्हणजे साडेनऊ दिरहम, हे माझ्या मुलीला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. मी घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. बुरैमीतली मुलं फी रियालमध्ये आणायची आणि घरखर्च त्यातच भागायचा. ह्यांचा पगार दिरहममध्ये, तो अल ऐनच्या बँकेत जायचा. माझ्या पर्समध्ये महिनोन्‌महिने दिरहम नसायचे. मला त्याची कधी जाणीवही झाली नव्हती.

हे एसीच्या डक्टिंगचं काम करणाऱ्या कंपनीत साइट सुपरवायझर होते. त्या वर्षी साइट अजमानला होती. आठवडाभर तिथे दोन-तीन सहकाऱ्यांबरोबर एका खोलीत राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे. त्या गुरुवारी आले नाहीत. काम अडलंय, शुक्रवारी दुपारपर्यंत येतो, असा निरोप आला. मी सकाळी वालाचं बिरडं करायला घेतलं, कारण त्यांना ते फार आवडायचं.

फोन घरमालकिणीकडे होता. ती ओमानी म्हातारी स्वतः धावत आली आणि हातानंच खूण करून मला घेऊन गेली. पलीकडे ह्यांच्या साइटवरचा नाशिकचा मुलगा होता. नवीनच लागलेला इंजिनियर.

"वहिनी, घाबरू नका. साहेब पडलेत. स्कॅफोल्डिंगवरून. अजमानच्या हॉस्पिटलमध्ये आणलंय."

"शुद्धीवर आहेत का?"

"बोलतायत. तुम्ही निघा बस. मी इथला नंबर..." आणि फोन कट झाला.

परत येईल म्हणून मी थोडा वेळ थांबले. आला नाही. गॅस बंद केला, मुलीला चपला घातल्या, पर्स घेतली. पर्समध्ये कालच आलेली शिकवणीची फी होती, म्हणून पैशांचा विचार मनात आलाच नाही.

अल ऐनच्या स्टँडवरून दुबईला शेअर टॅक्सी मिळाली. पठाण ड्रायव्हरला मी रियालची नोट दिली. त्यानं ती उन्हात धरलीसुद्धा नाही, सरळ खिशात घातली. सुटे द्यायला डबा उघडला, त्यात दिरहमही होते आणि बैसाच्या, म्हणजे ओमानच्या सुट्या पैशांच्या, लहान नोटाही. त्यानं बैसाच दिले. मी घेतले. रस्ताभर वाळू होती आणि मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. मी मनातल्या मनात त्या मुलाचं एकच वाक्य घोळवत होते: बोलतायत. बोलतायत म्हणजे ठीक आहेत. बोलतायत म्हणजे फार तर पाय मोडला असेल.

बर दुबईला उतरले तेव्हा दुपारच्या नमाजाची वेळ होत आली होती. शुक्रवार. एकेक शटर खाली येत होतं. आधी फोन करावा म्हणून मी एका छोट्या दुकानात शिरले आणि फोनचं कार्ड मागितलं. दुकानदार घाईत होता. नोट बघून म्हणाला, "ये क्या है?"

"ओमानी रियाल."

"नहीं, नहीं. दिरहम."

"भैया, एक रियाल मतलब साडेनौ दिरहम. आप आठ पकड़ो."

"बहनजी, एक्स्चेंज जाओ," म्हणत त्यानं मला हातानंच बाहेर काढलं आणि शटर ओढलं.

एक्स्चेंज समोरच होतं. बंद. दारावर पाटी होती, शुक्रवारी संध्याकाळीच उघडणार. मी काचेला नाक लावून आत बघितलं, जणू आत कुणी असेल आणि मला बघून उठेल. तोवर रस्ता रिकामा झाला होता. ऊन असं की मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती.

अजमानच्या टॅक्सी खाडीपलीकडे देराला लागतात, एवढं मला ठाऊक होतं. आम्ही धक्क्यावर गेलो. खाडी ओलांडणाऱ्या लाकडी होडीला तिथे अब्रा म्हणतात. होडी मधोमध आल्यावर नावाडी हात पुढे करत फिरला. सगळ्यांनी एकेक नाणं टाकलं. मी बैसाची नोट पुढे केली. त्यानं ती उलटसुलट केली, परत माझ्या हातात ठेवली आणि हात तसाच पुढे धरून उभा राहिला. शेजारी बसलेल्या एका बंगाली माणसानं न बोलता आमच्या दोघींचं नाणं टाकलं आणि पाण्याकडे बघत राहिला. मी "शुक्रिया" म्हटलं. त्याच्या त्या उपकारानं मला पहिल्यांदा भीती वाटली. सकाळपासून ह्यांच्यासाठी वाटत होती ती वेगळी. ही आमच्या दोघींसाठी होती. पर्समध्ये फीचे पैसे असून आम्ही एका होडीत भिकाऱ्यासारख्या बसलो होतो.

देराला नमाज सुटल्यावर माणसं बाहेर आली, टॅक्सीवाले आले. मी एकेकाकडे गेले. आधीच खरं सांगत होते, ओमानचे पैसे आहेत, जास्त घ्या, पण अजमानच्या हॉस्पिटलला सोडा. एकानं "रियाल? ईरानी?" म्हणून नोट परत केली. इराणच्या रियालला कवडीचीही किंमत नव्हती, आणि नोटेवर रियाल हा शब्द दिसला की त्यांना तेच आठवायचं. दुसरा म्हणाला, नकली असेल तर मी कुणाला धरू? तिसऱ्यानं ऐकूनच घेतलं नाही. उतरल्यावर तिथली माझी माणसं दिरहम देतील, असंही मी चौथ्याला सांगून पाहिलं. "पहले पैसा," तो म्हणाला.

"आई, आय ॲम सो थर्स्टी," मुलगी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

बाजूला एक कॅफेटेरिया उघडा होता. गल्ल्यावर केरळचा माणूस. मी पाण्याची बाटली उचलली आणि नोट ठेवली. त्यानं मान हलवली.

"ओमानी नहीं चलेगा."

"क्यों नहीं चलेगा? अल ऐन में सब लेते हैं."

"अल ऐन में लेता होगा. ये दुबई है."

तेव्हा माझा तोल गेला. मी अख्ख्या दुकानासमोर ओरडले, "ये असली पैसा है! आपको लेना पड़ेगा!"

"कौन बोला लेना पड़ेगा?" तो शांतपणे म्हणाला. "किधर लिखा है?"

चार वर्षं मी त्या नोटा देत आले होते आणि लोक घेत आले होते. त्यामागे काही नियम असणार असं मी धरूनच चालले होते. मी तिथेच काउंटरला धरून रडायला लागले. माझा नवरा हॉस्पिटलमध्ये आहे, पडलाय, एवढंच सांगत राहिले. तो माणूस गल्ल्यामागून बाहेर आला. एकदा त्यानं अशी नोट घेतली होती, मालकानं ती पगारातून कापली होती, असं हळू आवाजात म्हणाला. मग त्यानं बाटलीचं झाकण स्वतः उघडून ती मुलीच्या हातात दिली.

"पानी ले जाओ. नोट नहीं."

संध्याकाळी एक्स्चेंज उघडेपर्यंत थांबावं का, असा विचार मी केला. पण तो नाशिकचा मुलगा "घाबरू नका" म्हणाला होता, आणि ते तो ज्या घाईनं म्हणाला होता ते आता मला जास्त जास्त ऐकू येत होतं. अजमानची एक शेअर टॅक्सी भरत आली होती. या वेळी मी काही बोलले नाही. मुलीला घेऊन मागे जाऊन बसले. गाडी सुटली.

शारजात शिरल्यावर ड्रायव्हरनं मान न वळवता हात मागे केला. एकेकानं भाडं दिलं. मी रियालची नोट ठेवली. ती माझ्याकडची सगळ्यात मोठी नोट होती, भाड्याच्या कितीतरी पट. त्यानं ती आरशाजवळ धरली आणि गाडी कडेला घेतली.

"उतरो."

"भाईसाब, पूरा रख लो. और भी देती हूँ. मेरे आदमी को लगा है..."

"मैं इसका क्या करूँगा? उतरो, यल्ला."

मी गाडीतल्या बाकीच्यांकडे बघितलं. एक जण खिडकीबाहेर बघायला लागला. एकाला उशीर होत होता, तो घड्याळ दाखवत होता. ड्रायव्हरनं उतरून आमच्या बाजूचं दार उघडलं. नोट मात्र त्यानं परत केली. गाडी निघून गेली तेव्हा मुलीनं विचारलं, "आई, इज अवर मनी बॅड?"

आम्ही चालायला लागलो. अजमान कुठल्या दिशेला, किती लांब, काही माहीत नव्हतं. थोड्या वेळानं रोल्ला लागलं. शारजातल्या त्या मैदानावर शुक्रवारी सगळीकडच्या साइटवरची माणसं जमतात. इस्त्रीचे शर्ट घातलेली, गावागावाप्रमाणे घोळके करून बसलेली हजारो माणसं. त्या गर्दीत मी एकटीच बाई होते, लोक वाट करून देत होते. फोनच्या बूथसमोर रांग होती. तिथे कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "रे, नंबर इलो तुझो, जा!" आणि मी थांबले. मालवणी होती. मी त्या माणसाजवळ गेले. चाळिशीचा, अंगानं रोडका, हातावर सिमेंटचे चट्टे.

"तुम्ही मराठी ना?" मी म्हटलं.

त्यानं मला आधी सावलीत बसवलं. "काय झाला, ताई? खय जावचा आसा?"

मी सांगितलं. नोटा दाखवल्या. त्यानं त्या हातात घेतल्याच नाहीत.

"ओमानचे पैशे? हय कोण घेता ते!" मग रांगेकडे वळून त्यानं दोघा-तिघांना हाका मारल्या. ती सगळी कुडाळ-कणकवलीकडची माणसं होती. गावी फोन करायला म्हणून ठेवलेले दिरहम त्यांनी खिशातून काढले आणि त्याच्या हातावर ठेवले. तोवर त्याचाही नंबर आला होता, पण रांग सोडून तो आमच्याबरोबर टॅक्सीत बसला. मी पुन्हा रियाल पुढे केले, निदान ठेवून तरी घ्या म्हटलं.

"माका तरी ते खय चालतले?" तो म्हणाला. "ऱ्हवांदे. आधी साहेबांका बघूया."

अजमानच्या हॉस्पिटलमध्ये मी धावतच काउंटरवर गेले. ह्यांचं नाव सांगितलं. तिथल्या माणसानं रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, "दुबई शिफ्ट किया. हेड इंज्युरी. सुबह में ही."

"सुबह कब?"

त्यानं वेळ सांगितली. मी अल ऐनच्या टॅक्सीत होते तेव्हा. नाशिकच्या मुलानं ते कळवायला पुन्हा फोन केला होता, हे मला मागाहून कळलं, पण तोवर मी घर सोडलं होतं. मी बर दुबईच्या स्टँडवर उन्हात उभी होते तेव्हा हे तिथून जवळच्याच हॉस्पिटलमध्ये होते. मी त्यांच्याकडे पाठ करून खाडी ओलांडली, देरात भीक मागितली आणि शारजातून चालत निघाले होते.

मी जमिनीवर बसले. मालवणी माणसानं मुलीला कडेवर घेतलं.

"उठा, ताई. परत जावया. माझो कॅम्प थयच आसा, सोनापुराक. माका तसाय जावचाच आसा."

आता मला ठाऊक आहे, सोनापूर म्हणजे मुहैस्नाह, दुबईच्या कडेची कामगारवस्ती, आणि ते हॉस्पिटल तिथून चांगलंच लांब होतं. तेव्हा मी ते खरं मानलं.

ऊन कललं होतं तेव्हा आम्ही पोचलो. दुसऱ्या मजल्यावर लांब कॉरिडॉरमध्ये नाशिकचा मुलगा बसला होता. त्याच्या शर्टवर रक्त सुकलं होतं. मला बघून तो उभा राहिला आणि खाली बघायला लागला.

"ऑपरेशनला घेतलंय, वहिनी. मेंदूत रक्त साचलंय म्हणाले."

"बोलत होते ना?"

"दुपारपर्यंत बोलत होते. मग एकदम..." त्यानं हातानं काहीतरी खूण केली. "सारखं एकच म्हणत होते. तिला कुणीतरी घ्यायला जा, तिच्याकडे इथले पैसे नसतील. आम्हाला वाटलं, डोक्याला लागलंय, बडबडतायत. तुमच्याकडे पैसे कसे नसतील?"

माझ्या पर्समध्ये काय असेल हे ह्यांना तिथे पडल्या पडल्या दिसत होतं आणि मला स्वतःला बर दुबईच्या त्या दुकानात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. दुपारपर्यंत शब्द होते त्यांच्याकडे. ते त्यांनी यावर खर्च केले. मी वेळेत पोचले असते तर कदाचित आणखी काही बोलले असते. काय, ते कळायचा मार्ग उरला नव्हता.

मालवणी माणूस कधी गेला ते मला समजलं नाही. मुलगी बाकावर झोपली होती आणि तिच्या डोक्याखाली कुणाचा तरी रुमाल घडी करून ठेवलेला होता. त्याचं नाव विचारायचं राहिलं. पुढे नाशिकच्या मुलाला मी सोनापूरला पाठवलं, पण तिथे कॅम्पमागून कॅम्प, हजारो माणसं, आणि कुडाळकडचा एक मिस्त्री एवढाच पत्ता. तो हात हलवत परत आला.

ऑपरेशन झालं. हे वाचले. पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आयसीयूबाहेर मी दिवस काढत होते तेव्हा कंपनीचे पुण्याचे अकाउंटंट भेटायला आले. चांगला माणूस, डबा घेऊन यायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "दुबईतल्या दुकानदाराला ओमानची नोट घ्यावीच लागते ना हो? म्हणजे कायद्यानं?"

ते थोडे गोंधळले. मग समजावून सांगायला लागले. "नाही, वहिनी. देशात चालतो तो दिरहम. दुसरी नोट कुणी घेतली तर ती त्याच्या मर्जीनं. अल ऐनचा दुकानदारसुद्धा बांधील नाही. त्याचं गिऱ्हाईक बुरैमीचं, म्हणून तो घेतो. उद्या नाही म्हणाला तर तुम्ही काही करू शकत नाही." एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढे सरकवलं. मला जेवण गेलं नाही. ज्याला मी चार वर्षं व्यवहार समजत होते तो त्या लोकांचा चांगुलपणा निघाला होता, आणि तो पुढच्या गावापर्यंतसुद्धा पोचत नव्हता.

बुरैमीचं घर मी सोडलं. घरमालकिणीनं माझे दोन्ही हात हातात धरून काहीतरी म्हटलं, त्यातलं फक्त इन्शाल्ला कळलं. माझं बी.एड. झालेलं होतं, त्यामुळे अबुधाबीच्या एका शाळेत गणिताची नोकरी मिळाली. शिक्षिकेला नवऱ्याचा व्हिसा काढता यायचा. आधी मी ह्यांच्या व्हिसावर होते, आता हे माझ्या व्हिसावर आले. पगार हातात आला की मी रुपयांत हिशोब करायचे आणि फिजिओथेरपीचे पैसे बाजूला काढायचे. पहिली दोन वर्षं ह्यांच्या तोंडून फक्त आवाज यायचे. चमचा हवा असला तरी हातानं दाखवायचे, आणि मला कळलं नाही की डावी मूठ गादीवर आपटायचे. कित्येक संध्याकाळी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. हे गेले असते तर बरं झालं असतं, असंही त्या नळाच्या आवाजात माझ्या मनात येऊन गेलं.

मग शब्द यायला लागले. आधी पाणी. मग मुलीचं नाव, अर्धंच. ती आता मोठी झाली होती, इंग्लिशमध्ये बोलायची, पण बाबांशी मात्र सावकाश मराठीत बोलायची. शब्दाला शब्द जोडायला ह्यांना आणखी किती काळ लागला, ते मला सांगता येणार नाही.

एका संध्याकाळी मी वह्या तपासत होते. हे खिडकीजवळच्या खुर्चीत होते. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, ओठ हलवत राहिले. मी लाल पेन खाली ठेवून थांबले, घाई केली की ते चिडायचे. त्यांना त्या शुक्रवारचं काही आठवत नव्हतं. गुरुवार आठवायचा, आणि मग एकदम आयसीयूचं पांढरं छत.

"त्या दिवशी," ते म्हणाले. "तू... कशी आलीस?"

त्यांचा चेहरा घामानं डबडबला होता. एवढं वाक्य त्यांनी त्या दिवसानंतर पहिल्यांदाच जुळवलं होतं. मुलगी आतल्या खोलीतून धावत आली आणि दारात उभी राहिली.

मी उठून त्यांचं कपाळ पुसलं.

"टॅक्सीनं," मी म्हटलं.